दुबईची काच, शारजाचे अंगण

दुबईत हॉटेलांची सरकारी प्रतवारी पाच ताऱ्यांवर थांबते. बुर्ज अल अरब डिसेंबर १९९९ मध्ये उघडले, तेव्हा पत्रकारांच्या लिखाणातून त्याला सातवा तारा चिकटला आणि पुढे तो कुणी काढला नाही. या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांत आलेल्या हिवाळी सहलींच्या जाहिरातींतही तो आहेच, आणि त्याच्या जोडीला आता ‘डिझाइन हॉटेलात मुक्काम’ हे नवे आमिष आले आहे. खोली किती चौरस फुटांची, सोन्याचा मुलामा कुठे कुठे, न्हाणीघरातला टब केवढा, हे सगळे त्या जाहिरातींत छापलेले असते. इमारत कुणी रचली, ती उन्हाला कशी सामोरी जाते, खोलीची खिडकी उघडते का, याबद्दल एक ओळही नसते. डिझाइनच्या नावाने पैसे घ्यायचे आणि डिझाइनबद्दल अवाक्षर काढायचे नाही, ही ग्राहकाची फसवणूक आहे.

इमारत, खोलीचे अंतरंग, फर्निचर, दिवे आणि नळ ज्या हॉटेलात एकाच विचारातून येतात, त्याला डिझाइन हॉटेल म्हणावे. आखाती शहरांत या प्रकाराच्या निरनिराळ्या वाटा दिसतात. एक वाट फॅशनच्या घराण्यांची. बुर्ज खलिफात २०१० मध्ये उघडलेल्या अरमानी हॉटेलच्या १६० खोल्या ज्योर्जिओ अरमानी यांच्या फिक्या, संयत रंगांत रचलेल्या आहेत. २०१७ मध्ये जुमेरा बे या कृत्रिम बेटावर आलेले बुल्गारीचे हॉटेल इटलीचे वास्तुकार अंतोनिओ चित्तेरिओ यांच्या कार्यालयाने घडवले. दोन्ही ठिकाणी कारागिरी उत्तम आहे, पण पाहुणा तिथे मुख्यतः एका नावात राहतो. त्यापुढच्या दोन वाटा अधिक बोलक्या आहेत: वास्तुकाराने आतबाहेर स्वतः रचलेले हॉटेल, आणि जुनी घरे दुरुस्त करून त्यांत थाटलेले हॉटेल.

बुर्ज अल अरब या दोन्हींत बसत नाही. ते शहराची खूण म्हणून बांधले गेले आणि त्या कामात ते शंभर टक्के यशस्वी ठरले. अ‍ॅटकिन्स कंपनीचे टॉम राइट यांनी किनाऱ्यापासून २८० मीटरवर कृत्रिम बेट करून ३२१ मीटर उंचीचे शीड उभे केले. अंतरंग ख्वान च्यू यांचे. आतल्या १,७९० चौरस मीटर सोन्याच्या वर्खाची चर्चा सगळे करतात. त्या इमारतीतली सर्वांत शहाणी गोष्ट मात्र कापडाची आहे. जमिनीच्या बाजूची प्रचंड भिंत टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या विणीची आहे. दिवसा ती ऊन गाळून मऊ उजेड आत सोडते. बांधकामाच्या वेळी आतली हवा एकदम गार केली असती तर उंच दालनात दव साचून पाणी ठिबकले असते, म्हणून ती हळूहळू, टप्प्याटप्प्याने गार करण्यात आली. हवामानाशी झालेला हा व्यवहार जाहिरातीत यायला हवा. २०२१ पासून तिकीट काढून मार्गदर्शकासह आत जाता येते, तेव्हा एवढ्यासाठी तिथे रात्र काढण्याचीही गरज उरलेली नाही.

खरी तुलना दुबईतले ओपस आणि शारजातले अल बैत यांच्यात करावी. दोन्ही महागडी, दोन्ही एकाच किनाऱ्यावर, शेजारच्या दोन अमिरातींत. ओपस मार्च २०२० मध्ये आणि अल बैत त्याच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी सुरू झाले. तरी ऊन या एका प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे परस्परविरुद्ध आहेत.

ओपस बिझनेस बे भागात, बुर्ज खलिफाच्या जवळ आहे. बगदादमध्ये जन्मलेल्या झाहा हदीद यांच्या कार्यालयाचा हा आराखडा २००७ चा. इमारत पुरी होण्याआधीच, २०१६ मध्ये, त्या वारल्या. इमारतीत मेलिया समूहाचे एमई दुबई हे ७४ खोल्या आणि १९ स्वीटचे हॉटेल आहे. बाकी जागेत कचेऱ्या आणि निवासी सदनिका. हदीद यांनी बाहेरून आणि आतून, दोन्ही रचलेले हे जगातले एकमेव हॉटेल. ९३ मीटर उंचीचे दोन मनोरे जोडून एक घन केलेला आहे आणि त्याच्या पोटातून वितळल्यासारखी वाकडीतिकडी पोकळी कोरून काढली आहे. तळाशी चार मजली दालन आणि जमिनीपासून ७१ मीटरवर तीन मजली पूल हे दोन मनोऱ्यांना बांधून ठेवतात. पोकळीच्या भिंतीला सुमारे ६,००० चौरस मीटर काच लागली. ती ४,३०० तुकड्यांची आहे: काही सपाट, काही एका दिशेने वळलेले, काही दोन्ही दिशांनी. दिवसा बाहेरचा घन आकाश परावर्तित करतो आणि पोकळी काळी दिसते. रात्री पोकळीच्या काचांतले एलईडी दिवे लागले की घन मागे सरतो आणि पोकळीच पुढे येते.

आत शिरल्यावर हदीद यांचे सामर्थ्य जाणवते. दालनातली आसने, स्वीटमधले पलंग, सोफ्यातूनच निघालेले लिहिण्याचे मेज, न्हाणीघरातली भांडी हे सगळे त्यांच्या कार्यालयाचे. छायाचित्रांतून ही वळणे दिखाऊ वाटतात. प्रत्यक्षात पाहिले की काटकोन नसलेल्या जागेत माणूस वेगळ्या लयीत चालतो हे ध्यानात येते. कलादालनात मांडलेल्या वस्तूला हात लावता येत नाही, इथे त्या वस्तूवर झोपता येते. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला एक रात्र परवडली तर ती पुस्तकाच्या वाचनापेक्षा अधिक शिकवेल, यात शंका नाही.

पण उन्हाचे काय? काच दुहेरी आहे, तिच्यावर अतिनील किरणे अडवणारा लेप आहे, वर आरशासारख्या ठिपक्यांची नक्षी आहे. खोलीत कुणी आहे की नाही हे ओळखून दिवे आणि हवा आपोआप कमीजास्त होतात. बिझनेस बे भागातल्या अनेक इमारतींना मध्यवर्ती प्रकल्पातून जमिनीखालच्या नळांनी गार पाणी पुरवले जाते आणि त्यावर खोल्या थंड राहतात. हे सगळे कुशल काम आहे. मात्र ही सारी कौशल्ये मुळात काचेची पेटी वाळवंटात ठेवल्यामुळे लागतात. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांना कामाला लावण्यास कायद्याने मनाई आहे. कायद्याला कळलेले ऊन आराखड्यात दिसायला हवे. ओपसची हीच इमारत हॅम्बुर्ग किंवा सोलमध्ये उभी केली असती तरी तिच्या आकारात फारसा फरक पडला नसता.

शारजाच्या जुन्या गावठाणात, ज्याला आज ‘हार्ट ऑफ शारजा’ म्हणतात, अल बैत हे ५३ खोल्यांचे हॉटेल आहे. डिसेंबर २०१८ मध्ये ते सुरू झाले. आता त्याच्या नावामागे चालवणाऱ्या कंपनीचे ‘चेदी’ लागते. प्रतिष्ठित कुटुंबांची जुनी घरे दुरुस्त करून, त्यांना जोडून नवे बांधकाम करून ते घडवले आहे. त्यातले एक घराणे इब्राहिम अल मिदफा यांचे. ग्रंथसंग्रह आणि शारजातले सुरुवातीचे वृत्तपत्र यांसाठी ते ओळखले जातात.

या घरांची रचना साहित्याने ठरवली होती. भिंतींचा दगड म्हणजे समुद्रातून काढलेले प्रवाळ: हलके, छिद्रांनी भरलेले, म्हणून उष्णता सावकाश आत सोडणारे. त्यावर जिप्समचा गिलावा. छपराच्या तुळया पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांनी आणलेल्या कांदळवनाच्या बल्ल्यांच्या. या बल्ल्या तीन-साडेतीन मीटरपेक्षा लांब मिळत नसत, म्हणून खोल्या अरुंद आणि लांबट झाल्या. बाहेरच्या भिंतीला खिडक्या कमी. सगळी दारे अंगणात उघडणारी. गल्ल्याही मुद्दाम चिंचोळ्या, म्हणजे एका घराची सावली दुसऱ्यावर पडावी. अंगण म्हटले की मराठी वाचकाला वाड्याचा चौक आठवेल, पण चौकाकडे छपरे उतरतात ती पावसासाठी. इथे छपर सपाट असते, कारण उन्हाळ्याच्या रात्री त्यावर झोपायचे असते.

आणि बरजील, म्हणजे वारा पकडणारा मनोरा. नेहमीचा बरजील चौकोनी असतो, चारी बाजूंनी उघडा, आत फुलीसारखी उभी भिंत घातलेला. वारा कोणत्याही दिशेने आला तरी एका कप्प्यात अडून खाली खोलीत उतरतो आणि आतली गरम हवा दुसऱ्या कप्प्यातून वर निघून जाते. अल मिदफा यांच्या मजलिसवरचा, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीवरचा, बरजील गोल आहे. अमिरातींत तसा दुसरा नाही. वीज नसताना, एकही हलता भाग न वापरता चालणारे हे यंत्र आहे आणि डिझाइन या शब्दाला जो काही मान आहे तो अशा वस्तूंनी मिळवून दिलेला आहे.

अल बैतच्या खोल्यांत वातानुकूलन आहे, हे सांगायलाच हवे. आजच्या पाहुण्याला बरजील थंड करत नाही. पूर्वीही ज्यांना शक्य होते ती कुटुंबे कडक उन्हाळ्यात किनारा सोडून खजुरीच्या बागांकडे जात असत. पण यंत्र चालू असले तरी घराची रचना काम करतच राहते. रस्त्यावरच्या लख्ख उन्हातून सावलीच्या गल्लीत, गल्लीतून दारात, दारातून अंगणात येताना डोळे आणि कातडी टप्प्याटप्प्याने निवतात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये संध्याकाळी दार उघडे टाकून बसता येते. ओपसमध्ये हा टप्पा एकच आहे: मोटारीतून काचेच्या दारात.

उघडणाऱ्या खिडकीचा या स्तंभाचा आग्रह जुना आहे. पुण्यातल्या काचबंद कचेऱ्यांवर लिहिताना तो मांडला होता आणि त्यावर आलेली रागावलेली पत्रेही वाचकांना आठवत असतील. बंद काचेमागची झोप आणि मोकळ्या हवेतली झोप सारखी नसते. माणसाला आपण कुठे आहोत हे डोळ्यांच्या आधी हवेवरून कळते. दुबईतल्या उंच काचेच्या खोलीत जानेवारीची सुरेख, गार रात्रही पाहुण्यापर्यंत पोचत नाही. ज्या मोसमासाठी इतके पैसे मोजून माणसे तिथे जातात, तोच मोसम बाहेर राहतो. आकारात हदीद यांना तोड नाही, मुक्कामासाठी मात्र अल बैत सरस आहे.

मराठी प्रवाशासाठी अल बैतच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. हा किनारा मोत्यांवर जगत होता आणि मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. हॉटेलच्या परिसरातच बैत अल नाबूदा हे मोत्यांच्या व्यापाऱ्याचे घर संग्रहालय म्हणून जपलेले आहे. त्याच्या अंगणातले कोरीव खांब सागवानाचे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या आणि १९६६ पर्यंत शारजा-दुबईच्या बाजारात त्या चालत होत्या. मुंबई आणि हा किनारा यांच्यातली ही ये-जा इथल्या लाकडात आणि हिशेबात दिसते. सहलींच्या पत्रकांत तिचा उल्लेख यावा.

दुबईतही अशी घरे होती. इराणच्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांची बस्तकिया वस्ती, आजचे अल फहिदी, निम्मी पाडली गेली. उरलेली वाचली आणि तिच्यातल्या काही घरांत आज लहान हॉटेले आहेत. त्यांच्या खोल्या अल बैतपेक्षा साध्या आहेत, पण अंगण आणि बरजील तिथेही आहे.

आता व्यवहार. मोसम नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात भाव खाली येतात, पण तेव्हा अंगणाचा उपयोग सूर्य मावळल्यावरही फारसा होत नाही. शारजात मद्य मिळत नाही आणि सार्वजनिक ठिकाणी अंगभर कपड्यांची अपेक्षा असते. दुबई-शारजा रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ वाहनांची मोठी कोंडी असते, त्यामुळे शारजात राहून दुबई पाहायची असेल तर दुपारी निघावे. ओपसमधली उपाहारगृहे बाहेरच्यांनाही खुली आहेत, त्यामुळे संध्याकाळी जाऊन दिवे लागलेली पोकळी पाहता येते. दुबईच्या पंचतारांकित खोलीचा जाहीर भाव पुष्कळदा करांशिवाय असतो. त्यावर ७ टक्के पालिका शुल्क, बहुधा १० टक्के सेवा आकार, ५ टक्के मूल्यवर्धित कर आणि दर खोलीमागे दर रात्री २० दिरहम पर्यटन शुल्क चढते. शिवाय प्रवेशाच्या वेळी किरकोळ खर्चापोटी कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला काही दिवस लागतात. सहल कंपनीने सांगितलेल्या भावात यातले काय धरले आहे, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.