खिडकीपुढचे वचन

जून-जुलै महिना उजाडला की मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीबाहेर एक ओळखीचे दृश्य दिसते. कागदपत्रांची फाईल छातीशी धरून मुलगा किंवा मुलगी आत जाते आणि आई-वडील बाहेर वाट पाहत उभे राहतात. आत खिडकीपुढे होणारे संभाषण जेमतेम दोन-चार मिनिटांचे. पण त्यामागे काही वर्षांचा अभ्यास, कर्जापोटी तारण ठेवलेले घर आणि आयुष्यभराची पुंजी उभी असते. त्या मिनिटांची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या धास्तीपोटी अनेक सुसंस्कृत घरांत जे घडते, त्याचा विचार व्हायला हवा.

वास्तविक ही प्रक्रिया दुर्बोध नाही. प्रथम प्रवेश, मग शिक्षणसंस्थेकडून येणारे ‘आय-२०’ हे प्रमाणपत्र, ‘सेविस’ नोंदणीचे ३५० डॉलर शुल्क, ‘डीएस-१६०’ हा अर्ज आणि अखेरीस मुलाखत. पदवीधर तरुणाला हे सारे स्वतः करता येते. तरीही ते दलालाच्या हाती सोपविले जाते. तो उत्तरे पाठ करून घेतो, नातलगांचे पैसे चार दिवसांसाठी खात्यात फिरवून शिल्लक फुगवून दाखवतो आणि क्वचित न केलेल्या नोकरीचा दाखलाही मिळवून देतो. ‘सगळेच करतात’ एवढ्या एका वाक्यावर घरातील सर्वांची समजूत पटते.

सर्वांत मोठे असत्य मात्र कागदावर नसते. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातील कलम २१४(ब) नुसार, अर्जदार तेथे कायम राहण्यासाठीच येतो आहे असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. या नकाराविरुद्ध अपील नाही. नव्याने अर्ज तेवढा करता येतो. साहजिकच प्रत्येक मुलगा ‘शिक्षण झाल्यावर मायदेशी परतणार’ असे सांगतो. घरात मात्र पुढील हिशेब कायमच्या वास्तव्याचे चाललेले असतात. म्हणजे मायदेशाचे नाव घेऊन केलेली पहिली प्रतिज्ञाच खोटी, आणि ती पढविणारे स्वतः आई-वडील!

असत्याची किंमत व्यवहारातही जबर आहे. हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास त्या देशाचे दार आयुष्यभरासाठी बंद होऊ शकते. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर छापा पडला आणि काही भारतीय विद्यार्थ्यांच्या पायांत रेडिओ पट्टे अडकविले गेले. त्या अवमानाचा निषेध झाला, तो योग्यच होता. परंतु त्यातून पुरेसा बोध घेतला गेला नाही. २०१९ मध्ये मिशिगनमधील ‘फार्मिंग्टन’ हे विद्यापीठ तपास यंत्रणेनेच रचलेला सापळा निघाले आणि पहिल्या कारवाईत पकडलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. २०२३ मध्ये कॅनडात आपली प्रवेशपत्रे बनावट असल्याचे काही भारतीय विद्यार्थ्यांना कळले, तेव्हा त्यांची तेथे काही वर्षे लोटली होती. प्रवेशपत्राची खातरजमा थेट विद्यापीठाकडून करण्याचे साधे काम दलालावर सोडल्याचा हा परिणाम.

परदेशी शिक्षण हा अपराध नव्हे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या, त्या आधी बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत आपण का जातो हे सांगून. १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन त्या परतल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदे संस्थानाची दहा वर्षे सेवा करण्याचा करार करून. १९१७ मध्ये ते तो पाळण्यासाठी आले. पण बडोद्यात त्यांना राहायला जागासुद्धा मिळू दिली गेली नाही. वचन विद्यार्थ्याने पाळले, समाजाने नाही. परतणाऱ्याच्या ज्ञानाला येथे काम आणि मान मिळावा, हे उत्तरदायित्व आजही समाजाचेच आहे. त्याविना परतण्याचा उपदेश पोकळ ठरतो.

म्हणून कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी प्रत्येक घराने शांतपणे बसून बोलावे. काय शिकायचे, तेच का, पैसा कोठून येणार आणि पुढे काय? शिक्षणानंतर वर्षभर प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्याची मुभा तेथील नियमांनी आजवर दिली आहे. तसा मनोदय असेल तर लपविण्याजोगे त्यात काही नाही. ज्याला ही उत्तरे ठाऊक आहेत, त्याला पाठांतराची गरज भासत नाही. आणि ज्या घरात ती अजून सापडलेली नाहीत, त्या घराने एक वर्ष थांबण्यात कमीपणा मानू नये. व्हिसा नाकारला गेला तर पुन्हा अर्ज करता येतो. आई-वडिलांनीच शिकविलेले असत्य मात्र मुलाच्या सोबत आयुष्यभर प्रवास करते.