आधी वजन, मग अश्वशक्ती

जुन्या स्पोर्ट्स कारला दुसरं इंजिन बसवायचं तर कोणतं निवडावं, या प्रश्नाचा निकाल एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी नुकताच लावून टाकला. बॉनेटखाली मावेल ते सर्वांत मोठं इंजिन घ्या, असं ते सांगतात. एमजीबीसारख्या गाडीला त्यांनी शेव्हरोलेचं ३५० घन इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं लोखंडी व्ही-८ सुचवलं आहे. ते स्वस्त आहे, सुटे भाग मुबलक मिळतात आणि तेवढ्या पैशात तेवढी अश्वशक्ती दुसरं कुठलंच इंजिन देत नाही. वजनाचं काय? स्प्रिंगा कडक करा, टायर रुंद घाला. वजनाचा प्रश्न त्यांनी एवढ्या दोन वाक्यांत उरकला. माझा सारा राग त्या दोन वाक्यांवर आहे.

एमजीबी १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्यात १७९८ सीसीचं, ९५ अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. त्या आकड्यांनी कुणी भारावून जावं असं काही नव्हतं. तरीही ती १९८० पर्यंत बनत राहिली, कारण तिचं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास सारखं वाटलेलं होतं, आणि पॉवर स्टीअरिंग नसूनही वळणावर ती चालकाच्या हाताचं ऐकायची. इंजिन बदलणाऱ्याने सर्वांत आधी जपायचा तो हा गुण, आणि तोच घालवण्याचा सल्ला इथे दिला जातो आहे.

बरं, हा प्रयोग नवाही नाही. खुद्द कारखान्यानेच तो करून पाहिला. १९६७ साली त्यांनी याच गाडीत २९१२ सीसीचं, सहा सिलिंडरचं, १४५ अश्वशक्तीचं लोखंडी इंजिन घातलं आणि तिला एमजीसी म्हटलं. ते इंजिन आधीच्यापेक्षा सुमारे ९५ किलो जड होतं. ते बसेना म्हणून पुढच्या सस्पेन्शनची मूळ रचना काढून टॉर्शन बार लावावे लागले, चाकं १४ ऐवजी १५ इंची झाली, बॉनेटला फुगवटा आला. एवढं करून समीक्षकांनी सांगितलं ते हेच, की गाडी वळणात नाक बाहेर काढते. १९६९ साली ती बंद झाली. पत्रकारांना दिलेल्या गाड्यांच्या टायरमध्ये हवा कमी होती, असा बचाव तेव्हापासून आजवर चालू आहे. असेलही कमी. पण हवेच्या दाबात थोडी चूक झाली म्हणून जी गाडी बदनाम होते, तिच्या पुढच्या चाकांवर भार जास्तच होता, हे त्या बचावातूनच सिद्ध होतं.

आता कडक स्प्रिंगांचं पाहू. स्प्रिंग वजन पेलते, कमी करत नाही. वळताना ते वजन आत ओढायचं काम शेवटी टायरच करतो. टायरवरचा भार वाढला की पकड वाढते हे खरं, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. ती मागे पडत जाते. त्यात पुढची बाजू जितकी कडक कराल तितका वळणात आतल्या चाकावरचा भार बाहेरच्या चाकावर जास्त जातो, आणि पुढची पकड आणखी घटते. म्हणजे हे गृहस्थ रोगावर जे औषध देतात त्याने रोग बळावतो. रुंद टायर घातले तर स्टीअरिंग जड होतं, मग पॉवर स्टीअरिंग हवं, म्हणजे पुन्हा वजन. ३५० घन इंचांचं ते इंजिन सुमारे २६० किलोंचं आहे. एमजीसीचा धडा ज्यांच्यासमोर आहे त्यांनी हा आकडा वाचून थांबायला हवं होतं. त्याऐवजी हे अश्वशक्ती मोजत बसले.

बाकीचे आक्षेप थोडक्यात सांगतो. मूळ गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल तेवढा टॉर्क सोसणार नाहीत. रेडिएटर पुरणार नाही. ब्रेक १९६२ च्या हिशोबाचे आहेत.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझा जुना वाद आहे. मूळ इंजिनाला हात लावणं म्हणजे पाप, असं ते मानतात. त्यांनी लक्षात घ्यावं की १९७३ साली कारखान्याने स्वतःच एमजीबी जीटीमध्ये व्ही-८ बसवलं, आणि त्याआधी केन कॉस्टेलो तशा गाड्या बनवून विकत होते. कार्बोरेटर की इंजेक्शन, या भांडणातही आयुष्यं गेली. इंजेक्शनने गाडीचा आत्मा जातो हे मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. दोन्ही वाद इंजिनाच्या जातीवरून चालतात. ते चाकांवर किती भार टाकतं हे विचारायला कुणी तयार नसतं.

मग घ्यावं कोणतं? एमजीबीसाठी माझं उत्तर रोव्हरचं ३५२८ सीसीचं ॲल्युमिनियम व्ही-८. मूळचं ब्यूकचं हे इंजिन सुमारे १४४ किलोंचं आहे, म्हणजे चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनाहून जड नाही. कारखान्याच्या गाडीत ते १३७ अश्वशक्ती देत होतं. कार्बोरेटर मागच्या बाजूला नेल्याने बॉनेटलाही फुगवटा लागला नाही. ॲक्सलचं गुणोत्तर ३.९ वरून ३.०७ वर आणलं, त्यामुळे वाढलेल्या टॉर्कचा उपयोग आरामात पळण्यासाठी झाला. चारच सिलिंडर हवे असतील तर २ लिटरचं ॲल्युमिनियम ड्युराटेक घ्यावं.

इतर गाड्यांसाठी क्रम हाच. मूळ इंजिन काट्यावर चढवा आणि त्याहून जड ते यादीतून काढा. उरलेल्यांत जे पुढच्या ॲक्सलच्या जास्तीत जास्त मागे बसेल ते पाहा, मग गिअरबॉक्स आणि ॲक्सलशी टॉर्क जुळवा. अश्वशक्तीचा रकाना त्यानंतर वाचा. या क्रमाने गेल्यावर ५० अश्वशक्ती कमी मिळाली तरी खुशाल सोडा. सरळ रस्त्यावर जोरात पळणाऱ्या गाड्या आज कोणत्याही शोरूममध्ये मिळतात. जुनी स्पोर्ट्स कार माणूस वळणांसाठी जपतो, आणि तिचं इंजिनही वळणांचा विचार करूनच निवडलं पाहिजे.