देशोदेशींचे प्रांत : त्वेर, चौलास आलेल्या प्रवाशाचा मुलूख

अलिबागेहून रेवदंड्याकडे जातांना वाटेंत चौल लागतें. आज नारळी-पोफळींच्या वाड्यांत दडलेलें हें गांव एके काळीं पश्चिम किनाऱ्यावरील मातबर बंदर होतें. इ. स. १४७० च्या आगेमागें या बंदरांत एक परका मनुष्य गलबतांतून उतरला. विक्रीसाठीं आणलेला एक घोडा त्याच्याबरोबर होता. अफनासी निकितीन हें त्याचें नांव. रशियांतील व्होल्गा नदीच्या कांठीं त्वेर म्हणून शहर आहे, तेथील हा व्यापारी. वाटेंत अस्त्राखानाजवळ लुटारूंनीं त्याचा माल नेला. रिक्त हस्तें परतावें तर घरीं सावकार बसलेले. म्हणून बिचारा इराणमार्गें पुढेंच चालत राहिला आणि होर्मुझाहून निघून आपल्या कोंकणांत पोंचला. त्याच्या या आगमनाची आठवण म्हणून २००२ सालीं रेवदंड्यास एक स्मृतिस्तंभ उभारण्यांत आला आहे.

चौलाहून तो घाट चढून जुन्नरास गेला. तेथें बहामनी राज्याच्या सरदारानें त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर घोडाही मिळेल व वर सोन्याचीं नाणींही मिळतील, असें सांगितलें. एका खुरासानी गृहस्थानें मध्यस्थी केली म्हणून तो त्यांतून सुटला. परंतु या लेखापुरती आम्हांस त्याच्या टिपणवहींतील एक दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जुन्नरास असतां पावसाळा लागला. रात्रंदिवस पाणी आणि चिखल! या ऋतूस निकितीन ‘हिंवाळा’ म्हणतो. ज्या दिवसांत वाटा बंद होतात आणि माणूस असेल तेथें अडकून पडतो त्यांस हिंवाळाच म्हणावयाचें, असा त्याच्या मुलखाचा अनुभव. आषाढ-श्रावणास त्यानें तेंच नांव दिलें. ज्या भूमीनें त्याला ऋतूंचें हें गणित शिकविलें ती कशी आहे, तेथें राज्य कसें चालतें आणि आज तिची स्थिति काय आहे, तें या महिन्याच्या सदरांत पाहूं.

घरांत नकाशाचें पुस्तक असेल तर तें मुलांकडून मागवून घ्यावें. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग हीं दोन शहरें शोधून त्यांस जोडणारी एक रेघ ओढावी. त्या रेघेवर, मॉस्कोपासून सुमारें १७० किलोमीटरांवर, त्वेर शहर आहे. आणि रेघेचा मधला मोठा भाग ज्या मुलखांतून जातो तोच त्वेर प्रांत. रशियन भाषेंत अशा प्रांतास ‘ओब्लास्त’ म्हणतात. याचें क्षेत्रफळ सुमारें ८४,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथाईहून कांहींसें अधिक. अर्ध्याहून अधिक भूमि अरण्यानें व्यापलेली आहे. देवदार जातीचे सूचिपर्ण वृक्ष, भूर्जवृक्ष, मध्येंच शेवाळानें भरलेल्या विस्तीर्ण दलदली आणि शेंकडों सरोवरें असा हा देखावा आहे. त्यांतील सेलिगेर सरोवर रशियनांचें आवडतें विश्रांतिस्थान होय.

प्रांताच्या पश्चिम भागांत वल्दाय नांवाची टेंकड्यांची रांग आहे. तिला टेंकड्या म्हणावयाचें तें त्या सपाट देशाच्या मानानें, कारण तिचें सर्वोच्च ठिकाण अवघें ३४७ मीटर भरतें. आपल्याकडे एवढ्या उंचीस कोणी नांवही ठेवीत नाहीं. तथापि या ठेंगण्या टेंकड्यांतून निघणाऱ्या नद्यांचीं नांवें ऐकिलीं म्हणजे मान लवते. व्होल्गोवेर्खोव्ये या खेड्याजवळ, समुद्रसपाटीपासून २२८ मीटर उंचीवर, एका पाणथळ जागीं व्होल्गेचा उगम होतो. झऱ्यावर लहानसें लांकडी देवघर बांधलें आहे. तेथून निघणारा ओहोळ पोरेंसोरें सहज ओलांडतील. तोच पुढें ३,५३० किलोमीटर वाहून कास्पियन समुद्रास मिळतो आणि युरोपांतील सर्वांत लांब नदी म्हणून गाजतो. याच प्रांतांत पश्चिम द्वीना उगम पावते, ती बाल्टिक समुद्रास जाते. नीपर नदीचा उगमही दूर नाहीं. तो शेजारच्या स्मोलेन्स्क प्रांतांत आहे आणि ती काळ्या समुद्राची वाट धरते. तीन समुद्रांचीं पाणीं जेथून वेगळीं होतात असा हा मुलूख आहे.

येथें आपल्या गोदावरीशीं ताडून पाहावें. गोदावरी त्र्यंबकेश्वरास हजार मीटरांहून अधिक उंचीवर उगम पावते आणि १,४६५ किलोमीटरांत समुद्र गांठते. व्होल्गेला तिच्या दुपटीहून अधिक वाट चालावयाची, आणि उतार मात्र सगळा मिळून अडीचशें मीटरांच्या आसपास. म्हणून ती संथ आहे, आणि संथ आहे म्हणूनच तिच्यावर नावा चालतात. जुन्या काळीं व्यापारी एका नदीच्या टोंकापर्यंत नावेनें येत, मधल्या चिंचोळ्या जमिनीवरून नाव ओढीत नेत आणि दुसऱ्या नदींत सोडीत. अशा ओढवाटेस रशियन भाषेंत ‘वोलोक’ म्हणतात. प्रांतांतील विश्नी वोलोचोक या शहराच्या नांवांत तो शब्द आजही आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं पीटर बादशहानें तेथेंच कालवा खणविला, आणि नव्या राजधानीस व्होल्गेकडील धान्य जलमार्गानें मिळूं लागलें. निकितीनसारखा साधा व्यापारी त्वेरांत बसून इराणापर्यंतच्या व्यापाराचीं स्वप्नें कां पाहूं शकला, तें यावरून ध्यानांत येईल. नदी त्याच्या दारांतून जात होती.

आतां हवामान. त्वेर शहर उत्तर अक्षांश ५७ च्या जरा खालीं आहे. तेथें जून महिन्यांत दिवस सतरा तासांहून मोठा असतो, तर डिसेंबरांत जेमतेम सात तासांचा. जानेवारीची सरासरी शून्याखालीं ७ ते १० अंशांच्या दरम्यान; जुलैची सरासरी १८ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या थंडीची आठवण करून देणारी. वर्षाकांठीं सुमारें ६५० मिलिमीटर पाऊस व हिम पडतें. पुण्याच्या पर्जन्यमानाहून ही संख्या फारशी वेगळी नाहीं. परंतु पुण्याचा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि पुढें ऊन तें पाणी शोषून घेतें. तिकडे तो बारा महिने थोडाथोडा पडतो, ऊन बेताचें, जमीन सपाट. मग पाणी जाणार कोठें? म्हणून दलदल होते, जमिनीचा कस धुपून जातो आणि गव्हाचें पीक बेताचें येतें. राय नांवाचें भरड धान्य, बटाटे आणि विशेषतः जवसाच्या जातीचें तागासारखें पीक, ज्याच्या धाग्याचें लिनन कापड होतें, यांवरच येथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जगला. नोव्हेंबरापासून मार्चअखेरपर्यंत बर्फ असतें. तें वितळूं लागलें कीं कच्च्या वाटा चिखलांत बुडतात आणि खेडीं जगापासून तुटतात. निकितीनला जुन्नरचा पावसाळा ओळखीचा वाटला यांत नवल नाहीं.

राज्यकारभाराची कथा भूगोलाहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. मध्ययुगांत त्वेर हें स्वतंत्र संस्थान होतें आणि मॉस्कोशीं त्याची दीर्घ स्पर्धा चालली. अखेर १४८५ सालीं मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हाननें तें गिळंकृत केलें. पुढें दुसऱ्या कॅथेरिन राणीनें १७७५ सालीं प्रांतरचनेचा नवा कायदा केला, तेव्हां ज्या प्रांतांवर त्याचा प्रथम प्रयोग झाला त्यांत त्वेर होता. गव्हर्नर वरून नेमला जाई आणि प्रजेनें ऐकावें एवढाच त्याचा अर्थ होता.

परंतु या प्रांतानें एक वेगळी परंपरा निर्माण केली. १८६२ सालीं येथील सरदारवर्गानें आपले विशेष हक्क सोडण्याची तयारी दाखविली आणि साऱ्या देशांतून निवडलेल्या प्रतिनिधींची सभा बोलवावी अशी मागणी केली. तिला दुजोरा देणाऱ्या तेरा अधिकाऱ्यांस तुरुंगाची वाट दाखविण्यांत आली. १८६४ सालीं ‘झेम्स्त्वो’ नांवाच्या निर्वाचित स्थानिक संस्था स्थापन झाल्या. आपल्याकडील जुन्या जिल्हा लोकलबोर्डांशीं त्यांचें साम्य आहे. शाळा, दवाखाने, रस्ते, आगीचा विमा अशीं कामें त्यांजकडे असत. त्वेरच्या झेम्स्त्वोचा लौकिक विशेष मोठा होता. १८९४ सालीं दुसरा निकोलस गादीवर आला तेव्हां फ्योदोर रोदिचेव्ह यांनीं लिहिलेलें एक विनंतिपत्र या संस्थेनें त्यास पाठविलें. लोकांचा आवाज सिंहासनापर्यंत पोंचावा, एवढीच त्यांतील सौम्य अपेक्षा. १८९५ च्या जानेवारींत बादशहानें भर सभेंत असल्या आशांस ‘निरर्थक स्वप्नें’ म्हटलें आणि रोदिचेव्ह यांस सार्वजनिक कामाची बंदी झाली. दहाच वर्षांनीं, १९०५ सालीं, रशियांत क्रांतीचा पहिला भडका उडाला. ज्या मार्गानें शांतपणें पुढें जातां आलें असतें तो कोणी बंद केला, याचा विचार वाचकांनींच करावा.

सोव्हिएट काळांत, १९३१ सालीं, शहराचें नांव बदलून कालिनिन ठेवलें गेलें आणि १९३५ सालीं आजचा प्रांत त्याच नांवानें निर्माण झाला. जुनें नांव १९९० सालीं परत मिळालें. मधल्या काळांत या भूमीनें काय सोसलें तें थोडक्यांत सांगतों. मॉस्कोस पाणी देण्यासाठीं व्होल्गेवर धरणें झालीं. १९३७ च्या सुमारास कोर्चेवा हें शहर नकाशावरून पुसलें गेलें आणि पुढें काल्याझिनचा जुना भाग बुडाला. तेथील एका देवळाचा घंटाघराचा मनोरा आजही पाण्यांत एकटा उभा आहे. १९४१ च्या ऑक्टोबरांत जर्मनांनीं त्वेर घेतलें, डिसेंबरांत तें सुटलें. परंतु र्झेव्ह शहराभोंवतीं १९४३ च्या मार्चपर्यंत भयंकर संहार चालला.

आजची व्यवस्था अशी. प्रांतास एक गव्हर्नर असतो, तो लोकांनीं निवडावयाचा. २००४ अखेर ही निवडणूक रद्द होऊन अध्यक्षाच्या शिफारशीनें नेमणूक होऊं लागली. २०१२ सालीं निवडणूक पुन्हां आली. तरीही विश्वास उडाल्याचें कारण देऊन अध्यक्ष गव्हर्नरास दूर करूं शकतो. चाळीस सभासदांची विधानसभा आहे. प्रांताचे दोन प्रतिनिधि मॉस्कोंतील वरिष्ठ सभागृहांत बसतात. खेड्यांची लहान लहान निर्वाचित मंडळें मात्र अलीकडच्या वर्षांत बहुतेक जिल्ह्यांत मोडून, सर्व जिल्ह्याचें एकच मंडळ करण्यांत आलें आहे. २०२५ च्या मार्चमधील केंद्रीय कायद्यानें हीच पद्धति सर्व देशासाठीं सर्वसाधारण नियम ठरविली. जुनी पद्धति राखण्याची मुभा प्रांतांस ठेवली आहे.

हें एकीकरण कां झालें? सरकारचें उत्तर सोपें आहे : खेड्यांत माणसें उरलीं नाहींत, मग मंडळें चालवावयाचीं कोणासाठीं? आणि तें खोटें नाहीं. १९८९ च्या शिरगणतींत प्रांताची लोकसंख्या सुमारें १६ लक्ष ७० हजार होती; २०२१ च्या गणतींत ती १२ लक्ष ३० हजारांवर आली. चौरस किलोमीटरामागें पंधरादेखील माणसें नाहींत. नऊ हजारांहून अधिक खेडीं कागदोपत्रीं आहेत. त्यांतील अनेक ओस, अनेकांत दोन-तीन वृद्धा. युद्ध, सामुदायिक शेतीची सक्ती, जन्मांपेक्षां मृत्यूंची अधिक संख्या आणि दोन्हीकडून ओढणाऱ्या दोन महानगरांची माया, अशीं याचीं कारणें आहेत. त्यांत एक कारण कचेरींतूनही आलें. १९६० व १९७० च्या दशकांत सरकारनें लहान खेड्यांची वर्गवारी केली आणि कित्येकांवर ‘भवितव्य नसलेलें’ असा शिक्का मारला. शिक्का बसला कीं शाळा बंद, दुकान बंद, रस्ता नाहीं. मग तरुण निघून जात आणि शिक्का खरा ठरे.

भाषेचीही तीच गत झाली. सतराव्या शतकांत स्वीडिश अमलाखालून निघालेले कॅरेलियन लोक या प्रांतांत येऊन वसले. फिनिश भाषेच्या कुळांतील आपली बोली त्यांनीं तीनशें वर्षें जपली. १९२६ सालीं त्यांची संख्या एक लक्ष चाळीस हजारांच्या आसपास होती. १९३७ सालीं त्यांस स्वतःचा राष्ट्रीय जिल्हा मिळाला; दोन वर्षांच्या आंत, १९३९ सालीं, तो काढून घेण्यांत आला. २०१० च्या गणतींत स्वतःस कॅरेलियन म्हणविणारे साडेसात हजारही उरले नव्हते.

उन्हाळ्यांत मॉस्कोकर सुटीसाठीं येतात, तेव्हां या खेड्यांच्या चुलींतून पुन्हां धूर निघतो. उदोम्ल्याच्या अणुकेंद्रांतील प्रत्येकीं हजार मेगावॉटच्या चार भट्ट्या दूरदूरच्या शहरांस वीज पुरवितात. म्हणजे प्रांत निरुपयोगी झालेला नाहीं. पाणी, वीज, लांकूड आणि माणसें तो देतोच आहे. प्रश्न एवढाच कीं, देणाऱ्याला आपल्या गांवाविषयीं बोलण्याची जागा कोठें राहिली? ज्यांचीं मूळ गांवें कोंकणांत किंवा घाटावर आहेत आणि घरांस कुलुपें लागलीं आहेत, अशा आमच्या पुष्कळ वाचकांस हा प्रश्न परका वाटणार नाहीं.

निकितीन पुढें दाभोळ बंदरांतून परत निघाला. परंतु त्वेर त्याला पुन्हां दिसलें नाहीं. स्मोलेन्स्कला पोंचण्यापूर्वींच वाटेंत त्याचा अंत झाला. त्याचीं टिपणें व्यापाऱ्यांनीं मॉस्कोस पोंचविलीं, म्हणून चौल आणि जुन्नर हीं नांवें रशियन वाङ्मयांत राहिलीं. त्वेरास व्होल्गेच्या कांठीं १९५५ पासून त्याचा पुतळा उभा आहे. पुढें कधीं रेवदंड्याच्या किल्ल्याकडे सहल निघाली तर मुलांस तो स्मृतिस्तंभ अवश्य दाखवावा, आणि दूरच्या त्या थंड मुलखाची ही हकीकत सांगावी.