कर्ज 24 वर्षांचे, शेततळ्याचा कागद किती वर्षांचा?

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या ‘पोकरा’साठी, जागतिक बँकेने 2018 मध्ये 42 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. प्रकल्प सुमारे चार हजार कोटी रुपयांचा. त्यात बँकेचा वाटा 70 टक्के आणि राज्याचा 30. मराठवाड्यातले आठ जिल्हे, विदर्भातले सहा आणि जळगाव अशा 15 जिल्ह्यांतली 5,142 गावे त्यात घेतली गेली. जालना त्यातला एक जिल्हा. कर्जाची मुदत 24 वर्षांची, पैकी पहिली सहा वर्षे सवलतीची. आज दहावीला बसलेला मुलगा तिशी ओलांडेल, तेव्हाही या कर्जाचे हप्ते चालू असतील. आणि ते डॉलरमध्ये फेडायचे आहेत. 2018 च्या सुरुवातीला 65 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर पुढे 85 च्या वर गेला. परकीय कर्ज केंद्राला ज्या अटींवर मिळते त्याच अटींवर ते राज्याकडे येत असल्याने रुपया घसरल्याचा भार राज्याच्याच तिजोरीवर पडतो.

म्हणून शेतावर काम करणाऱ्या आपण सगळ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. इतक्या लांब मुदतीच्या पैशातून आपण जे उभे केले, त्यातले कर्ज फिटेपर्यंत किती टिकणार आहे?

शेडनेटची जाळी काही हंगामांत विरते. एप्रिल-मेच्या वादळात सापडली तर त्याआधीच फाटते. ठिबकच्या नळ्या दहा वर्षे टिकल्या तरी खूप झाले. शेततळ्याचा कागद उन्हाने कडक होतो आणि कुठेतरी चिरतो. तो बदलायची वेळ येते तेव्हा अनुदान एकदा घेऊन झालेले असते. ही साधने वाया गेली असे आम्ही म्हणत नाही. जालना हा बियाण्यांचा जिल्हा आहे. शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन घेऊन एक-दोन एकरांवर घर चालवणारी कुटुंबे इथे आहेत. तुतीची लागवड वाढली, जालन्यात रेशीम कोषांचा बाजार उभा राहिला. या सगळ्याने शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, हे मान्यच करायला हवे. पण पैसा येणे आणि पाऊस फसला तरी गाव तरणे, यांत अंतर आहे. कर्ज घेतले गेले ते या दुसऱ्या गोष्टीसाठी.

शेततळ्याचाच हिशेब मांडून पाहू. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल तळ्यात, उतार धरून, सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. ऐन उन्हाळ्यात आपल्याकडे बाष्पीभवन दिवसाला दहा मिलिमीटरच्या घरात जाते. तळे काठोकाठ असेल तर रोज नऊ हजार लिटर पाणी नुसते हवेत उडते. हे पाणी नाल्याच्या पुरातून वळवलेले असते, तर निदान वाहून जाणारे अडवले असे म्हणता आले असते. पण बऱ्याच ठिकाणी तळे भरले जाते विहिरीवरून किंवा बोअरवरून, पावसाळा संपता संपता. जमिनीत सावलीत, सगळ्यांच्या वाट्याचे असलेले पाणी उपसून एका सातबाऱ्यावर उन्हात ठेवणे, असा त्याचा अर्थ होतो. ज्याची विहीर उथळ, त्याची जानेवारीतच कोरडी पडते. जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तीही दगा देणारी. 2012 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. झाडे तोडून सरपण करताना ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

त्याच दुष्काळात जालना तालुक्यातल्या कडवंचीने द्राक्षबागा वाचवल्या. त्यामागचा पैसाही विकास बँकेचाच होता, हे आज फार कमी जणांना आठवते. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात केएफडब्ल्यू या जर्मन विकास बँकेचा निधी नाबार्डमार्फत गावात आला आणि 1996 ते 2002 या काळात मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, काम उभे केले. तो निधी अनुदानाचा होता, ही मोठीच सोय. पण अटी कडक होत्या. आधी गावाने श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून दाखवायची, थोड्या क्षेत्रावर काम करून सिद्ध करायचे. पुढचा पैसा त्यानंतर. काम माथ्यापासून पायथ्याकडे. वर डोंगरउतारावर समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावरचे बांध. शेततळी आली ती नंतर, मुरलेल्या पाण्याच्या भरवशावर. तिथेही ती विहिरीवरूनच भरतात, पण विहिरीत पाणी असण्याची तजवीज आधी झालेली होती. मातीच्या त्या बांधांना जाळीसारखी मुदत नसते. गावाने निगा राखली तर ते पिढीभर टिकतात.

पोकरात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायची सोय होती. ग्राम कृषी संजीवनी समिती होती, सूक्ष्म नियोजन होते. कागदावर क्रम बरोबर होता. गावात मात्र चर्चा फिरत राहिली ती कुणाचा अर्ज पोर्टलवर गेला, कुणाला पूर्वसंमती आली आणि कुणाची मोका तपासणी अडली, याभोवतीच. ताळेबंद उणे आलेल्या गावातही नवे तळे आणि नवा पंप मागता येतो, तोवर ताळेबंदाला किंमत नाही. दुसरी गोष्ट, पैसे आधी शेतकऱ्याने घालायचे, अनुदान मागाहून खात्यावर. ज्याच्याकडे दोन लाख मोकळे आहेत किंवा ज्याला दुकानदार उधार देतो, तो पुढे जातो. दीड एकरवाला खासगी व्याजाने पैसे उचलतो आणि अनुदान येईपर्यंतचे व्याज त्या अनुदानातून वजा होते.

हा प्रश्न एकट्या जालन्याचा नाही. बहुपक्षीय विकास बँकांनी 2023 मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना हवामानासाठी 74.7 अब्ज डॉलर दिले. त्यातला जेमतेम एक तृतीयांश, 24.7 अब्ज, बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठी होता. या बँकांमध्ये जेद्दाची इस्लामिक विकास बँकही आहे. 57 सदस्य देशांची ही बँक व्याज घेत नाही. मालमत्तेचा व्यवहार आणि जोखमीतला वाटा यांवर तिचे तत्त्व उभे आहे. भारत तिचा सदस्य नाही. पण 2022 च्या महापुरानंतर जिनिव्हात पाकिस्तानला जी नऊ अब्जांहून अधिक डॉलरची आश्वासने मिळाली, त्यांत 4.2 अब्जांचा सर्वांत मोठा आकडा तिचा होता. एकूण रकमेतला बहुतांश भाग कर्जाचाच निघाला. ज्याचे घर वाहून गेले त्यानेच फेडायचे, हा न्याय आम्हाला पटत नाही. सावकाराने आपत्तीतली जोखीम वाटून घ्यावी हे तत्त्व मात्र मोलाचे आहे, आणि ते वॉशिंग्टनच्या बँकेलाही विचारता येते.

पोकराचा दुसरा टप्पा 21 जिल्ह्यांतल्या 7,201 गावांचा आणि सुमारे सहा हजार कोटींचा आहे. जालनाही त्यात आहे. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्याने अतिवृष्टी पाहिली, गोदाकाठची शेते खरवडून गेली. तेव्हा आता दुष्काळाइतकाच पुराचाही विचार नियोजनात यायला हवा. उतारावर पाणी अडवणारी कामे दोन्ही वेळा उपयोगी पडतात, कागदाचे तळे पुरात काहीच करत नाही.

समूह सहायक, कृषी अधिकारी, संस्थांचे कार्यकर्ते आणि समितीत बसणारे सरपंच यांना आमचे सांगणे आहे. माथ्यावरची कामे पूर्ण झाल्याशिवाय अस्तराच्या तळ्याची शिफारस करू नका. ताळेबंद उणे असेल तर उपसा वाढवणारा प्रत्येक अर्ज ग्रामसभेपुढे ठेवा. अल्पभूधारकाला अनुदानाची रक्कम आगाऊ, थेट विक्रेत्याकडे देण्याची तरतूद लेखी मागा. आणि निधीतला देखभालीचा वाटा पहिल्याच वर्षी वेगळ्या खात्यात टाकून घ्या. प्रकल्प कार्यालय बंद झाल्यावर तो मागायला कुणी सापडणार नाही.