वारसा कशाचा?

घरचें वडील माणूस गेलें म्हणजे आपण काय करतों? दहावा होतो, तेरावा होतो, कावळ्याची वाट पाहून डोळे शिणतात, आणि ऐपत नसली तरी कर्ज काढून गांवजेवण घातलें जातें. मग जमिनीच्या व भांड्याकुंड्यांच्या वांटण्या होतात. परंतु गेलेल्या माणसानें हयातभर चालविलेलें काम कोणाच्या वांट्यास आलें, हें कोणीच विचारीत नाहीं. आमच्या मतें खरा वारसा तोच. याची साक्ष म्हणून दीनमित्रकार मुकुंदराव पाटील यांच्या घराण्याची हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

मुकुंदराव १८८५ सालीं जन्मले. त्यांचे जन्मदाते कृष्णराव भालेकर हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्यांनीं १८७७ सालीं पुण्यांत 'दीनबंधु' पत्र काढलें. पुढें मुकुंदराव नगर जिल्ह्यांतील तरवडीच्या पाटील घराण्यांत दत्तक गेले. त्या घरच्या गणपतरावांनीं १८८८ सालीं 'दीनमित्र' मासिक काढलेलें होतें. म्हणजे जन्मल्या घरीं एक पत्र आणि दत्तक घरीं दुसरें! १९१० सालीं भालेकर वारले, आणि त्याच सालच्या नोव्हेंबरांत मुकुंदरावांनीं 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केलें. बापाच्या मागें याहून मोठें श्राद्ध तें कोणतें?

हें पत्र पुण्या-मुंबईस नव्हे, तर खेड्यांत निघालें. प्रथम सोमठाण्यास, मग तरवडीस. खेड्यांत साप्ताहिक चालविणें म्हणजे काय, हें कुणब्यास सांगावयास नको. सुगी बुडाली कीं वर्गणी बुडते. पण आठवडा कांहीं थांबत नाहीं. त्यांच्या 'कुलकर्णीलीलामृत' या काव्यानें गांवच्या दप्तराआड चालणारी रयतेची नागवणूक उघडी केली. करवीर राज्यांत शाहू महाराजांनीं १९१८ सालीं कुलकर्णी वतन बंद केलें; मुंबई राज्यांत तें जाण्यास १९५० सालचा कायदा यावा लागला. तो दिवस मुकुंदरावांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिला. ता. २० डिसेंबर १९६७ रोजीं, ८२ वर्षांचे होऊन, ते वारले. सत्तावन्न वर्षें लेखणी खालीं ठेविली नाहीं.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आपल्या आजोबा-पणजोबांपैकीं कोणीं असें पत्र घेत असेल, कोणीं चावडीवर इतरांस वाचून दाखवीत असेल. त्यांचे जुने अंक माळ्यावर, पेटींत, कणगीमागें पडलेले असतील. ते वाळवीच्या किंवा रद्दीवाल्याच्या स्वाधीन करूं नका. मोठ्यांच्या घरचे कागद जपणारे पुष्कळ असतात; आपले आपणच जपले पाहिजेत. ते अंक झटकून, उन्हें दाखवून, गांवच्या वाचनालयांत नेऊन द्या. त्याआधीं एक संध्याकाळ लेकीसुनांस व मुलांस जवळ बसवून त्यांतला एखादा मजकूर मोठ्यानें वाचा. ज्या घरीं हें होईल, त्या घरचा म्हातारा मेला असें आम्ही म्हणणार नाहीं.