‘सीमाप्रश्न संपला’ म्हणणाऱ्यांनो, आधी मतदारसंघाचा नकाशा बघा

पोस्ट लांब आहे, सवड काढून वाचा.

गेल्या महिन्यात पुण्याला एका लग्नात होतो. पंगतीत शेजारच्या पाहुण्यांनी विचारलं, “बेळगावचे का? मग तुमचा तो सीमाप्रश्न आता संपलाच म्हणायचा. विधानसभेला 2018 ला समितीचा शून्य, 2023 ला पुन्हा शून्य, लोकसभेत तर नावही नाही. लोकांनीच कौल दिला की!” चारचौघांत वाद नको म्हणून गप्प बसलो. बसायला नको होतं. ते उत्तर आज इथं देतोय.

आमची वडगावात पिठाची गिरणी. बाबा शिकले सातवीपर्यंत, पण 1996 च्या लोकसभेला बाबा उमेदवार होते. हसू नका. एकटे नव्हते. बेळगावात त्या वर्षी 456 उमेदवार होते, आणि त्यातले बहुतेक आमच्यासारख्याच घरांतले, दिल्लीचं लक्ष सीमाभागाकडं जावं म्हणून उभे राहिलेले. अनामत तेव्हा 500 रुपये. आई म्हणाली, “निवडून येणार न्हाईसा, मग पैसे कशाला घालवता?” बाबा म्हणाले, “निवडून यायला कोण उभं राहिलंय? दिल्लीला अर्ज धाडूलोय. 500 रुपयांचं तिकीट लावलं म्हण.”

मतपत्रिकेची पार पुस्तिका झाली होती. आजीला त्यात स्वतःच्या लेकाचं नावच सापडलं नाही. ती दुसऱ्याच कुणावर शिक्का मारून आली आणि आठ दिवस बाबांशी नजर चुकवत होती. बाबांना दोन आकडी मतं पडली. अनामत गेली.

त्याच निवडणुकीत आंध्रातल्या नलगोंड्यात 480 उमेदवार होते. तिथला प्रश्न फ्लोराइडच्या पाण्याचा. मग त्याच वर्षी कायदा बदलला. अनामत 500 ची 10,000 झाली, अपक्षाला दहा सूचक लागू लागले. आज अनामत 25,000 आहे. म्हणजे अर्जात काय लिहिलंय ते राहिलं बाजूला, अर्जाचं तिकीट तेवढं महाग झालं.

आता पाहुण्यांच्या हिशोबानं बघा. बाबांना दोन आकडी मतं, म्हणजे त्यांच्यामागं कुणी नव्हतं. हा हिशोब पटतोय तुम्हाला?

पहिली गोष्ट नकाशाची. बेळगाव लोकसभेत आठ विधानसभा मतदारसंघ येतात. मराठी वस्ती दाट आहे ती बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीणमध्ये. उरलेले गोकाक, अरभावी, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग, हा कन्नड मुलूख. आणि खानापूर? ते कारवारकडच्या उत्तर कन्नड लोकसभेत. निपाणी? चिक्कोडीत. एक मराठी पट्टा तीन खासदारांत वाटलेला. कुणी मुद्दाम केलं की नाही, त्यात मी शिरत नाही. पण या तिन्ही ठिकाणी आम्ही कायम कुणाच्या तरी बेरजेतला आकडा राहणार, हे उघड आहे. असल्या निकालातून सीमाभागाचं मत काढणं म्हणजे तीन पोत्यांत मिसळलेले गहू बघून शेत कुणाचं ते सांगणं.

दुसरी गोष्ट. मत हे उत्तर असतं, आणि उत्तर वाचताना प्रश्न काय होता ते बघावं लागतं. सुरेश अंगडी वारल्यावर एप्रिल 2021 मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली. समितीचा तरुण उमेदवार शुभम शेळके एक लाख सतरा हजारांवर गेला. जिंकणाऱ्याचं मताधिक्य होतं साडेपाच हजारांच्या आत. तीन वर्षांनी, 2024 ला, समितीची मतं ओसरली. मग या लाखभर माणसांना तीन वर्षांत मराठीचा कंटाळा आला? नाही हो. 2021 ला दिल्लीचं सरकार पणाला लागलेलं नव्हतं, मनातलं मोकळं करता आलं. 2024 ला विचारलं होतं की पंतप्रधान कोण. माझ्या भावानंही तेच बघून मत घातलं. त्याच्या दुकानावरच्या पाटीचा वाद त्यामुळं मिटला काय?

तिसरी गोष्ट सर्व्हेवाल्यांची. 2024 ला एक पोरगा टॅब घेऊन गिरणीत आला. आधी कन्नडात विचारलं, मग मोडक्या हिंदीत. आईनं फटकन एका पक्षाचं नाव सांगितलं. तो गेल्यावर मी म्हटलं, “आई, खरंच त्यांना घालणार तू?” आई म्हणाली, “त्याच्या मागं वॉर्डातला कार्यकर्ता उभा होता की. दळण बंद पाडून घेऊ?” आता ईव्हीएमचे आकडे बूथवार बाहेर येतात. कुठल्या गल्लीनं कुणाला घातलं, ते चहाच्या टपरीवरसुद्धा चर्चेत असतं. अशा ठिकाणी अनोळखी पोराला कोण खरं सांगणार?

सगळेच सर्व्हेवाले सारखे नाहीत. लोकनीतीची मंडळी मतदानानंतर घरी जाऊन नकली मतपत्रिका देतात, खूण करून पेटीत टाका म्हणतात. माणूस घाबरतो, हे त्यांना ठाऊक आहे. टीव्हीवाल्यांना ते कधी कळणार? 2004 ला त्यांनी वाजपेयींचं सरकार परत आणलं होतं, ते गेलं. 2024 ला एनडीएला साडेतीनशेच्या वर नेलं, आल्या 293. अख्ख्या देशाचा अंदाज चुकतो, तिथं वडगावच्या गिरणीतलं मन यांना कळलं म्हणायचं?

आता आपल्या पुढाऱ्यांनाही सांगतो, राग आला तर येऊ दे. ‘मराठी माणूस एक आहे’ म्हणत तुम्ही 2018 ला दोन गट करून समोरासमोर उभे राहिलात. तो शून्य लोकांच्या मनाचा नव्हता, तुमच्या भांडणाचा होता. आणि मराठी माणसाला भाषेशिवाय दुसरं काही लागत नाही, हेही तुम्हीच धरून चाललात. हलगा-मच्छे बायपासमध्ये ज्याची पिकती जमीन जाते, तो आधी जमिनीचा विचार करणार. तो फितूर नव्हे.

पाहुणे, 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. प्रश्न संपला असता तर तो दावा तरी कशाला राहिला असता? आमचं मत जाणून घ्यायचं असेल तर आमच्या भाषेत, तोच प्रश्न विचारा, आणि शेजारी कुणी उभं नसताना विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गळ्यात बांधू नका.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. अनामतीची पावती आईनं देवघराच्या फळीवर डब्यात ठेवलीय. तुमच्या घरातलं कोण होतं त्या 456 मध्ये? खाली लिहा. एकदा ती यादी तरी आपण पुरी करूया.