टायर वाढवला, रेशोचं काय?

सोलापूरच्या सात रस्त्याच्या चौकात ३५ इंची टायर चढवलेली महिंद्रा थार उभी राहिली की माना वळतात. माना वळण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या गाडीमागच्या एका ठाम समजुतीला. टायर ही बाहेरची वस्तू आणि डिफ्रन्शियलमधली क्राऊन-पिनियनची दातेरी जोडी आतली, बाहेरचं बदललं म्हणून आतलं उघडायचं कारण नाही, अशी ती समजूत. टायर आणि अॅक्सलचा रेशो हा एकच निर्णय आहे, दोन नाहीत, असं माझं म्हणणं आहे. ज्याने अर्धाच निर्णय घेतला त्याने पैसे मोजून स्वतःच्या गाडीची ओढ कमी करून घेतली.

आधी टायरवाल्यांची बाजू, आणि ती पडती करून मांडायची नाही. सोलापूर जिल्ह्यात मोठ्या टायरची गरज खोटी नाही. गाळप हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पाणंद रस्त्यांवर अशा चाकोऱ्या पाडतात की जीपची चाकं खाली उतरतात आणि मधला उंचवटा थेट डिफ्रन्शियलच्या गोळ्याला घासतो. पाटे उंच केले, सस्पेन्शन किट टाकलं, तरी बॉडी वर जाते. गोळा जिथे होता तिथेच राहतो. तो उचलायचा असेल तर टायरचा व्यास वाढवण्यावाचून दुसरा उपाय नाही. ७७४ मिलीमीटरच्या जागी ८८९ मिलीमीटरचा टायर आला की गोळा साधारण ५७ मिलीमीटर वर जातो. शिवाय ओल्या काळ्या मातीत मोठ्या व्यासाचा टायर कमी रुततो. हे सगळं मान्य.

पण हिशेब इथे संपत नाही. २०२०च्या थारला कंपनीने दिलेलं एक माप २४५/७५ आर १६ हे आहे. त्याचा व्यास सुमारे ७७४ मिलीमीटर, म्हणजे साडेतीस इंच. त्या जागी ३५ इंची आला तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी १५ टक्के जास्त अंतर कापते. हे जास्तीचं अंतर कुणीतरी ओढून न्यायला हवं, आणि ते इंजिनाच्या वाट्याला येतं. समजा अॅक्सलचा रेशो ३.७३ आहे. टायर वाढवताच तो प्रत्यक्षात ३.२५ झाल्यासारखा वागू लागतो. तुम्ही डिफ्रन्शियलला हात लावला नाहीत असं तुम्हाला वाटतं. खरं तर तुम्ही तिथे चुकीचा रेशो बसवून घेतलात.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ट्रान्सफर केसची 'लो' लावली की झालं. लो चिखलात, ओढ्यात, ढेकळांत कामाला येते हे खरं. पण अशा गाड्यांत फोर बाय फोर डांबरावर लावायची नसते, आणि आपल्या गाड्यांच्या आयुष्यातले बहुतेक किलोमीटर पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, तुळजापूरच्या रस्त्यावर, विजयपूरच्या वाटेवर जातात. तुळजापूरच्या घाटात यात्रेच्या गर्दीत भरलेली गाडी पुनःपुन्हा थांबून उचलायची वेळ आली की 'लो'चा काही उपयोग नाही. तिथे क्लच घसरतो, प्लेट तापते, आणि एप्रिलच्या सोलापुरी उन्हात ती लवकर थंडही होत नाही. ऑटोमॅटिक असेल तर तोच ताप टॉर्क कन्व्हर्टरच्या तेलात उतरतो. लोमध्येसुद्धा नुकसान आहेच, फक्त ते उलट्या बाजूने जाणवतं. ओढ्याच्या काठावरून पहिल्या गिअरमध्ये खाली उतरताना इंजिन गाडीला धरून ठेवतं. टायर १५ टक्क्यांनी वाढला की ती धरही सुमारे १३ टक्क्यांनी ढिली होते, आणि मग पाय ब्रेकवर जातो, तेही ओल्या मातीत.

दुसरं उत्तर जरा शिकलेलं आहे: रीमॅप करू, ताकद वाढवू. रीमॅप टर्बो जागा झाल्यावरची ताकद वाढवतो. थारच्या १३० बीएचपी डिझेलचा ३०० न्यूटन मीटर टॉर्क १६०० ते २८०० आरपीएमच्या पट्ट्यात मिळतो. आता ३.७३ रेशो आणि ०.८चा वरचा गिअर धरून ताशी ८० किलोमीटरला इंजिन किती फिरेल ते काढून पाहा. मूळ टायरवर सुमारे १६३५, ३५ इंचीवर सुमारे १४२५. पहिला आकडा पट्ट्याच्या उंबऱ्यावर आहे, दुसरा बाहेर. टर्बो अजून भरायचा आहे तिथे कॉम्प्युटरने डिझेल जास्त सोडून फारसं काही हाती लागत नाही, धूर तेवढा वाढतो. वरच्या आरपीएमला वाढलेली ताकद मात्र क्लच आणि गिअरबॉक्सला सोसावी लागते, आणि त्यांचं रीमॅप कुणी करत नाही.

तिसरा युक्तिवाद मला सगळ्यात मजेशीर वाटतो. आरपीएम कमी झाला म्हणजे मायलेज वाढणार! गाडीला ८०च्या वेगात वाऱ्याशी जेवढं झगडायचं आहे तेवढंच झगडायचं असतं. उंची वाढल्यावर थोडं जास्तच. त्यात ऑफरोड टायरचं वजन आणि जाड खाचा. मग चढ आला की वरचा गिअर टिकत नाही, चालक एक गिअर खाली येतो आणि वाचलेला आरपीएम तिथेच परत देतो. गंमत पुढे आहे. मोठ्या टायरवर किलोमीटर मोजणारं मीटर कमी अंतर दाखवतं. शंभर दाखवलं तेव्हा गाडी ११५ गेलेली असते. त्यामुळे मायलेज घटल्याची तक्रार करणारा आणि वाढल्याचा दावा करणारा, दोघेही चुकीच्या आकड्याला भागत असतात.

हे सगळं कागदावरचं आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी जीपचाच इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपचा अॅक्सल रेशो ४.८८ होता. १९४५मध्ये विलीजने तीच जीप शेतकऱ्यासाठी सीजे-२ए या नावाने काढली. इंजिन तेच, २.२ लिटरचं, साठ अश्वशक्तीचं. पण ती आता नांगर ओढणार, गाडा ओढणार, म्हणून कंपनीने अॅक्सल ५.३८ केला, लो १.९७वरून २.४३वर नेली आणि पहिला गिअरही बदलला. पहिला गिअर, लो आणि अॅक्सल यांचा गुणाकार सुमारे २५ होता, तो ३६च्या पुढे गेला. कमाल वेग थोडा घटला, तो त्यांनी घटू दिला. टायरचं ६.००-१६ हे माप तेच असताना, फक्त काम बदललं म्हणून, कारखान्याने अख्खी गिअरमाला फिरवली. आपण टायरही बदलतो, कामही बदलतो आणि म्हणतो गिअर आहेत तेच ठेवू.

महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली ती स्वातंत्र्यानंतर लगेचच, आणि ५.३८ हा रेशो तिथून पुढे आपल्या गावोगावच्या जीपांत दशकानुदशकं राहिला. एमएम ५४०मध्ये प्यूजोचं २.१ लिटर डिझेल आलं तरी हा आकडा टिकला. सांगोला, मंगळवेढा, करमाळा भागात वडापच्या जीपा माणसं बाहेर लोंबकळत असतानाही निघत, त्यामागे चालकाच्या धाडसाइतकाच या रेशोचा हात होता.

मात्र याच इतिहासातून दुसऱ्या टोकाचा एक पंथ निघाला आहे, आणि त्याचंही खंडन करायला हवं. हे ५.३८चे भक्त. आकडा जितका मोठा तितकी गाडी चांगली, असं त्यांचं मत. ५.३८, सरळ चौथा गिअर आणि मूळचा ७३० मिलीमीटरच्या आसपासचा टायर घेऊन ताशी ८०ने जा. इंजिन ३१००च्या पुढे ओरडत असतं. दीडशे किलोमीटर अशा जीपमध्ये बसून झाल्यावर माणूस शपथेवर काहीही कबूल करेल. शिवाय रेशोचा आकडा वाढतो तसा पिनियन लहान होतो, त्याचे दात कमी होतात आणि त्याची सोसण्याची ताकदही घटते. ५.३८ म्हणजे क्राऊनला ४३ आणि पिनियनला फक्त ८ दात. ३.७३ म्हणजे ४१ आणि ११. मोठ्या टायरचा धक्का शेवटी त्या लहान पिनियनलाच बसतो.

यातून एक निष्कर्ष निघतो, तो दोन्ही पंथांना आवडणार नाही. ज्याच्याकडे जुनी ५.३८ची जीप आहे त्याने मोठा टायर बेलाशक घ्यावा आणि डिफ्रन्शियल उघडू नये. ८३८ मिलीमीटरच्या, म्हणजे ३३ इंची टायरवर त्याचा रेशो ४.६९सारखा वागेल, महामार्गावरचा आक्रोश कमी होईल आणि पाणंदीत ओढही पुरेल, मात्र इंजिन तब्येतीने हवं. त्याच्यासाठी मोठा टायर हेच रेशोवरचं औषध आहे. उलट ज्याच्याकडे नवी, ३.७३च्या आसपासची गाडी आहे, त्याला ३३ इंचीसाठी ४.१० आणि ३५ इंचीसाठी ४.२७ किंवा ४.३० लागेल. जुन्या रेशोला नव्या व्यासाने गुणायचं आणि जुन्या व्यासाने भागायचं. शाळेतलं त्रैराशिक आहे, यात गुपित काही नाही. घाटात वरचेवर जाणाऱ्याने, ट्रॉली ओढणाऱ्याने एक पायरी आणखी वर जावं. महामार्गच जास्त तुडवणाऱ्याने जाऊ नये.

आणि बहुसंख्यांनी यातलं काहीच करू नये. त्याच थारच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनी २५५/६५ आर १८ देते, त्याचा व्यास सुमारे ७८९. फरक दोन टक्क्यांच्या आत, रेशोचा प्रश्नच नाही. रानात शिरण्याआधी टायरची हवा उतरवली तर काळ्या मातीत जो फायदा होतो तो मोठ्या टायरच्या फायद्याच्या जवळ जातो, आणि फुकट असतो. लोक मात्र लाखाचे टायर घेऊन पस्तीसच्या हवेवर शेतात जातात. ओल्या मातीत सपाट पाणंदसुद्धा इंजिनाला घाटासारखी वाटते. चाकाचा अडथळा वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत गेला तर तो वीस टक्क्यांच्या चढाएवढा होतो. हा अडथळा हवा उतरवून आधी कमी करावा, उरेल त्याच्यासाठी गिअर शोधावा.

रेशो बदलायचाच ठरला तर एका कंजुषीला जागा नाही: पुढचा अॅक्सल तसाच ठेवून फक्त मागचा बदलणे. भंगारातून एक हाऊसिंग स्वस्त मिळालं, मागे ४.८८ बसवला, पुढे ५.३८ राहिला, असे प्रकार होतात. फोर बाय फोर लावताच पुढची आणि मागची चाकं दहा टक्क्यांच्या फरकाने भांडू लागतात. चिखलात चाक घसरून भांडण मिटतं, कोरड्या जमिनीवर ते ट्रान्सफर केसमध्ये मिटतं. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. चारचाकी ओढीच्या ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित पुढे धावतील असंच गणित बसवलेलं असतं, आणि मागचा टायर वेगळ्या मापाचा टाकला की ते बिघडतं, हे तो अनुभवाने जाणतो.

जुळणीचं काम तर घाईचं मुळीच नाही. पिनियनची खोली, शिमा, दातांमधली मोकळीक (ही साधारण ०.१५ ते ०.२५ मिलीमीटर), रंग लावून दातांवर उमटलेला ठसा पाहणं, हे न करता बसवलेला सेट काही दिवसांतच गुणगुणायला लागतो. डाना ४४सारख्या काही अॅक्सलमध्ये ३.७३पर्यंत एक कॅरियर आणि ३.९२पासून दुसरा लागतो, म्हणजे नुसता क्राऊन-पिनियन विकत घेऊन चालत नाही. खर्च धरताना हे आधी विचारावं.

रेशोने सगळं सुटतं असा माझा दावा नाही. मोठ्या टायरने ब्रेकची पकड कमी होते, ती क्राऊन-पिनियन परत देत नाही. जुन्या जीपचं स्पीडोमीटर केबलने ट्रान्सफर केसवरून चालतं, तिथे योग्य रेशो टाकला की आकडा पुन्हा खरा होतो. नव्या गाडीत वेग चाकापाशी मोजला जातो, तिथे टायरची चूक तशीच राहते. आणि कायदा आहेच. मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, दोन्ही उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाच्या विरोधात आहेत. ३५ इंची टायरवाल्याने अपघातानंतर विमा कंपनीशी होणारा संवाद आजच मनात घोळवून पाहावा.

आणि सेट मागवण्याआधी आपल्या गाडीत आत्ता कोणता रेशो आहे ते स्वतः मोजावं, विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नये. जुन्या जीपांचे अॅक्सल इतक्या वेळा अदलाबदल झालेले असतात की मॉडेलवरून काहीच सांगता येत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकांना दगड, मागचं एकच चाक जॅकवर. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून चाक पुरे दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. पावणेचार भरले तर ३.७३, सव्वाचारच्या किंचित पुढे गेले तर ४.२७, पाचला थोडे कमी पडले तर ४.८८, पाच आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त भरले तर ५.३८. मग तेच पुढच्या अॅक्सलला.